वारं-पाणी : शिडाच्या शर्यतीवर तुमचे प्रश्न, काकांची उत्तरं

गेल्या अंकात खाडीतल्या आमच्या सेलिंग क्लबच्या वार्षिक शर्यतीवर लेख आला होता, त्यावर एवढे प्रश्न आले की संपादक म्हणाले काका, या वेळचा अख्खा कॉलम तुम्हालाच, तुम्हीच निस्तरा. शर्यतीच्या दिवशी कमिटी बोटीवर घड्याळ आणि झेंडे माझ्या ताब्यात असतात, म्हणजे मी रेस ऑफिसर, त्यामुळे लोकांची बोलणी खायची सवय आहे. सारखे वाटले ते प्रश्न एकात एक घातलेत, काहींना दोन ओळीत गुंडाळलंय, रागावू नका.

काका, आम्ही अख्खी फॅमिली घेऊन शर्यत बघायला आलो. दोन तास उन्हात उभे. बोटी सरळ जायच्या सोडून वाकड्यातिकड्या फिरत होत्या, सुरू कधी झालं तेच कळलं नाही, आणि शेवटी जी बोट तिसरी आली तिलाच पहिला नंबर! हे काय गौडबंगाल आहे? – एक वाचक, रत्नागिरी

गौडबंगाल काही नाही हो, पण तुमचंही चुकलं नाही, ही शर्यत किनाऱ्यावरून बघायला खरंच अवघड असते आणि आम्ही क्लबवाले माइकवर नुसते सत्कार करत बसतो, कोणी धड समजावून सांगत नाही.

आधी ते वाकडं जाणं. शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊच शकत नाही. वारा जिकडून येतोय त्याच्या दोन्ही बाजूंना साधारण पंचेचाळीस अंशाच्या आत नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, नेली की शीड नुसतं फडफडतं आणि बोट उभी राहते. आणि पहिला बोया, म्हणजे वळायची तरंगती खूण, आम्ही मुद्दाम बरोब्बर वाऱ्याच्या तोंडावर टाकतो, खेळच तो आहे. मग बोट थोडी डावीकडे कापत जाते, मग नाळ फिरवून उजवीकडे, परत डावीकडे, याला टॅक मारणं म्हणतात. बोया एक किलोमीटरवर असला तर बोटीला जवळजवळ १४०० मीटर पाणी कापावं लागतं. आता कुठल्या बाजूला किती वेळ जायचं यावर निम्मी शर्यत ठरते, कारण वारा एका दिशेने कधीच येत नाही, दहा अंश इकडे दहा अंश तिकडे झुलत असतो, आणि ते झुलणं ज्याला आधी कळलं तो कमी पाणी कापून वर पोचतो. म्हणून तुम्हाला जी बोट लांब एकटीच भरकटल्यासारखी दिसत होती ती कदाचित सगळ्यांच्या पुढे असेल.

ते झुलणं त्यांना कळतं कसं, तर एकदा धक्क्यावर बोट लागली की शीड जवळ जाऊन बघा. शिडाच्या पुढच्या कडेपासून थोडं आत, दोन्ही अंगांना एकेक लोकरीचा धागा चिकटवलेला असतो, आमच्याकडची पोरं जुन्या कॅसेटची टेप कापून लावतात, ती भिजली तरी चिकटून बसत नाही. दोन्ही धागे सरळ मागे वाहतायत म्हणजे शीड बरोबर लागलंय. आतला वर उडायला लागला की नाळ वाऱ्यात जास्त घुसली, बाहेरचा लटपटला की नाळ उगाच वाऱ्यापासून लांब गेली. चांगला सेलर वाऱ्याच्या तोंडावरचा हा अख्खा टप्पा त्या दोन धाग्यांकडे आणि पुढच्या पाण्याच्या रंगाकडे बघत कापतो, जिथे पाणी काळपट आणि चुरगळलेलं दिसतं तिथे वाऱ्याचा झोत आहे.

आता सुरुवात. स्टार्टची रेघ म्हणजे कमिटी बोटीवरचा एक खांब आणि पलीकडचा बोया यांच्यामधली मनातली रेघ. पाच मिनिटं आधी क्लासचा, म्हणजे त्या गटातल्या बोटींचा, झेंडा वर जातो आणि एक आवाज, चार मिनिटं राहिली की दुसरा झेंडा, बहुतेक वेळा निळा आणि मधे पांढरा चौकोन असलेला, एक मिनिट राहिलं की तो खाली, आणि शून्याला पहिला झेंडा खाली की सुटले. भोंगा वाजला नाही तरी चालतं, नियमाप्रमाणे वेळ झेंड्यावरून धरायची. या पाच मिनिटांत बोटी थांबू शकत नाहीत, ब्रेक नाहीत ना, म्हणून सगळ्या रेघेच्या मागे घिरट्या घालत असतात आणि शून्याला बरोबर रेघेवर फुल स्पीडमध्ये यायचा प्रयत्न करतात. कोणाची नाळ आधी पलीकडे गेली तर आम्ही एक भोंगा देऊन निळ्या फुलीचा पांढरा झेंडा लावतो, त्याने परत मागे येऊन पुन्हा निघायचं. नाही आला तर बिचारा शर्यतभर पहिला राहतो आणि निकालात शेवटी जातो.

आणि तुमची तिसरी आलेली बोट. वार्षिक शर्यतीत सगळ्या प्रकारच्या बोटी एकत्र सोडतो, लेझर, एंटरप्राइज या छोट्या, आणि एखादी तळाला वजन बसवलेली मोठी कीलबोट. त्यांचा वेग मुळातच वेगळा, म्हणून प्रत्येक प्रकाराला एक आकडा दिलेला असतो, जितकी बोट हळू तितका आकडा मोठा. लागलेली मिनिटं गुणिले हजार, भागिले तो आकडा. समजा एका बोटीचा आकडा १००० आणि तिला ६० मिनिटं लागली, हिशोब ६०. दुसरीचा ११५० आणि तिला ६६ मिनिटं लागली, हिशोब ५७ मिनिटं आणि काही सेकंद. झाली की पहिली! दर वर्षी या आकड्यांवरून भांडणं होतात, ती वेगळी.

शर्यत दर वर्षी २६ जानेवारीला ठेवा ना काका. सुट्टी असते, मुलं येतात, पाहुणे मिळतात. तुम्ही तारीख सारखी बदलता. आणि सकाळच्या थंडीत घ्यायची सोडून भर दुपारी एकला का? – एक शिक्षक, गुहागर

गुरुजी, हा प्रश्न मला क्लबच्या मीटिंगमध्ये पण दर वर्षी विचारला जातो आणि मी दर वर्षी तेच उत्तर देतो, तारीख पाहुण्यांच्या डायरीत बघून नाही, पंचांगात बघून ठरवायची. यावर मी हट्टी आहे.

आधी वेळेचं सांगतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटेपासून जमिनीकडून मतलई वारा येतो, छान गार असतो, मच्छीमार त्याच्यावरच पूर्वी शिडं लावून बाहेर जायचे. पण तो डोंगराकडून उतरून येतो, खाडीच्या वळणावळणात अडकतो, कधी आहे कधी नाही, आणि ऊन चढलं की दहा-साडेदहाला मरतो. मग एक मधला काळ असतो, पाणी तेलासारखं, शिडं लटकलेली, डोक्यावर ऊन. जमीन तापली की मग समुद्रावरून वारा आत यायला लागतो, थंडीच्या दिवसांत बारा-एकच्या सुमाराला, वायव्येकडून, आधी क्षितिजाजवळ काळी रेघ दिसते मग ती आत सरकत येते. दोन-तीनपर्यंत दहा-बारा नॉट होतो, म्हणजे ताशी वीस किलोमीटरच्या आसपास, आणि संध्याकाळी सहाच्या आत परत पडायला लागतो. दुपारी एक ते चार हीच आमची खिडकी. सकाळी आठला सोडली तर साडेदहाला सगळे मधेच अडकून बसतील आणि मला रबरी बोटीने एकेकाला ओढून आणावं लागेल.

आता तिथी. आपल्याकडे जुना हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. अष्टमीला सहा. अंदाज आहे, प्रत्येक बंदराला थोडा पुढेमागे होतो, छापील टेबल बघायचंच, पण ठरवायला पुरतो. आता बघा, २६ जानेवारीला पौर्णिमा किंवा अमावास्या आली तर काय होईल. उधाणाचे दिवस, सव्वाअकराला भरती, म्हणजे दुपारी एक ते चार बरोबर ओहोटीचा जोर. अख्ख्या खाडीचं पाणी पश्चिमेला बाहेर पळतंय आणि त्याच्या तोंडावर समुद्राचा वारा आत येतोय. वारा एकीकडून पाणी दुसरीकडून, मुखापाशी लाटा अशा आखूड आणि उभ्या उठतात की छोटी बोट दोन लाटांच्या मधे नाळेवर आपटते. त्यात मुखावर वाळूचा पट्टा, ओहोटीला त्याच्यावर फुटणारं पाणी. आणि वारा पडला तर? बोटी पाण्याबरोबर बाहेर, समुद्रात.

आता सप्तमी घ्या. भरती संध्याकाळी सव्वापाचच्या सुमाराला, सुकती, म्हणजे पाणी सगळ्यात खाली, अकराच्या आसपास. एक वाजता पाणी आत यायला लागलेलं, रॅम्पचा, म्हणजे बोटी पाण्यात सोडायच्या उताराचा, चिखल झाकला गेलेला, भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी सगळ्यात कमी असते त्या दिवसांच्या, जवळ असल्यामुळे जोर कमी, वारा आणि पाणी दोन्ही एकाच दिशेला म्हणून लाट सपाट, आणि शेवटी वारा पडला तरी भरती सगळ्यांना घरी आणून सोडते. षष्ठी पण चालते. अष्टमीला कागदावर पाणी शांत असतं पण बाराला सुकती, बोटी चिखलातून गुडघाभर रुतत खेचायच्या, ते पोरांना नको असतं आणि मला तर त्याहून नको. मुंबईकडे ही काळजी आणखी जास्त, तिथे मोठ्या उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं, आपल्याकडे दक्षिणेला येऊ तसं ते कमी होत जातं, पण खाडीच्या अरुंद तोंडात दोन मीटरसुद्धा भरपूर होतात.

म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतली षष्ठी-सप्तमी, शुद्ध असो की वद्य, तिच्या जवळचा रविवार. पाहुणे नाही आले तर नाही आले. बक्षीस क्लबच्या वॉचमनच्या हातूनसुद्धा देता येतं.

काका, ह्यो सगळो पैशेवाल्यांचो खेळ. आमच्या रापणवाल्यांच्या पोरांका तेचो काय उपेग? – देवबागचा एक वाचक

तुमचा राग अर्धा खरा आहे, तो आधी मान्य. सुरुवात साहेबाच्या क्लबातून झाली, मुंबईचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ चा, तिथे आपल्या माणसांचं काम बोट ओढायचं आणि शिडं वाळवायचं. आणि नवी बोट बाहेरून मागवली की ड्युटीसकट लाखांत जाते हेही खरं.

पण दुसरं अर्ध बघा. नेहा ठाकूर नावाची मुलगी, मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची पोर, शिकली भोपाळच्या तलावात, जिथे समुद्र सोडा खारं पाणीपण नाही, आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियाडला रौप्य घेऊन आली. त्याच स्पर्धेत विष्णू सरवणनने कांस्य आणलं, तो सैन्यातला, मुंबईच्या आर्मी यॉटिंग नोडमध्ये, म्हणजे सैन्याच्या सेलिंग केंद्रात, तयार झालेला. म्हणजे आज या खेळातली आपली बरीच मुलं सैन्य-नौदल नाहीतर सरकारी सेलिंग शाळांमधून येतात, क्लबच्या लाउंजमधून नाही. त्याच्या आधी १९८२ च्या एशियाडला, स्पर्धा दिल्लीची पण सेलिंग मुंबईच्या पाण्यात झालं होतं, तिथे फायरबॉल या बोटीच्या प्रकारात फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्ण घेतलं. आणि या सगळ्यात कोकणातली पोरं कुठे? जी पोरं पाण्याचा रंग बघून खोली सांगतात, मतलई कधी पडणार हे ज्यांना घरात बसून कळतं ती काठावर उभी राहून बघतायत, आणि पुण्याहून आलेला मुलगा दोन सीझन त्याच गोष्टी पुस्तकातून शिकतोय. मला याचं जास्त वाईट वाटतं.

उपेग विचारलात म्हणून सांगतो. नोकरी आहे, स्पोर्ट्स कोटा आहे, आणि सेलिंग इन्स्ट्रक्टर, रेस्क्यू बोटीचा ड्रायव्हर, बोट रिपेअर ही कामं किनाऱ्यावरच मिळतात. आमच्याकडे दोन बोटी क्लबने गावातल्या मुलांसाठी बाजूला ठेवल्यात, फी नाही, अट एकच की शाळा बुडवायची नाही. तुमच्याकडे असं नसेल तर क्लबच्या लोकांना जाऊन विचारा, आणि नाही म्हणाले तर का नाही तेही विचारा.

माझी मुलगी दहा वर्षांची आहे, शर्यत बघून आल्यापासून मागे लागलीय. घरचे म्हणतात पोरीला समुद्रात कशाला. किती धोका आहे? – एक आई, दापोली

ताई, मुलीला पाठवा. दहा वर्षांच्या मुलीला ऑप्टिमिस्ट देतात, साडेसात फुटांची चौकोनी पेटीच असते, वजन ३५ किलो, एक शीड, पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच बनवलेली. क्लार्क मिल्स म्हणून एका अमेरिकन माणसाने १९४७ मध्ये काढलेली ही बोट अजून जगभर मुलं शिकायला वापरतात. आत हवेच्या पिशव्या बांधलेल्या असतात त्यामुळे पाणी भरलं तरी बुडत नाही, मुलीने डबड्याने पाणी उपसायचं आणि पुढे निघायचं.

पण क्लब निवडताना बघा काय. लाइफ जॅकेट तिच्या मापाचं आहे का, मोठ्याचं घट्ट बांधून देतायत का, कारण सैल जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जातं, काठावर घालून बघा आणि खांद्याला धरून वर ओढा, हनुवटीच्या वर आलं तर परत द्या. मुलं पाण्यात असताना रेस्क्यू बोट इंजिन चालू करून पाण्यात आहे की रॅम्पवर ताडपत्रीखाली. आणि मास्तर किती मुलांना घेऊन जातो. आमच्याकडे आधी जॅकेट आणि कपड्यांसकट पन्नास मीटर पोहून दाखवायला लागतं, ते जमलं की बोट. ही तीन उत्तरं नीट मिळाली तर घरच्यांना सांगा की दापोलीच्या रस्त्यावरच्या स्कूटरपेक्षा हे सेफ आहे. मुली हलक्या असतात, थंडीतल्या कमी वाऱ्यात त्याच पुढे जातात, हे मी कमिटी बोटीवरून बघतोय.

तुमच्या शर्यतीवाल्यांनी आमचं जाळं फाडलं तर भरून कोण देणार? समुद्र काय क्लबच्या बापाचा आहे काय? – एक नाखवा, हर्णै

नाही. आणि नुसतं मी म्हणत नाही, समुद्रावरच्या आंतरराष्ट्रीय नियमातच आहे, जाळं टाकून मासेमारी करणाऱ्या नौकेला शिडाच्या बोटीने वाट द्यायची. लोकांना उलटं वाटतं की शिडाची बोट म्हणजे सगळ्यांनी बाजूला व्हायचं. इंजिनवाल्याने शिडाला वाट द्यायची, पण शिडाने जाळंवाल्याला. शर्यतीचे नियम शर्यतीतल्या बोटींच्या आपसातले, तुम्हाला ते लागू नाहीत.

क्लबने करायचं ते असं की आठ दिवस आधी मच्छीमार सोसायटीत जाऊन नकाशावर कोर्स दाखवायचा, डोल, म्हणजे खुंटांना बांधलेलं जाळं, कुठे आहे, जाळी कुठे लागणार ते विचारून बोये हलवायचे. आमच्या कोर्सचा एक कोपरा त्यामुळे दर वर्षी वाकडा असतो, असू दे. जाळं फाटलं तर क्लबने भरून द्यायचं, सेलरकडून वसूल करायचं ते आपसात बघून घ्यावं. तुमच्याकडे कोणी विचारायला आलंच नसेल तर सोसायटीच्या लेटरहेडवर क्लबला आणि मेरीटाईम बोर्डाच्या बंदर कार्यालयाला एक पत्र टाका, पुढच्या वेळी येतील.

आणि नाखवा, एक सांगायचं राहिलं. आपल्या नौदलाचा अभिलाष टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोब, म्हणजे एकट्याने पृथ्वीला फेरी मारायच्या, शर्यतीत दक्षिणेकडच्या समुद्रात वादळात सापडला, पाठीला मार लागून हलता येईना, त्याला उचललं ते फ्रान्सच्या मासेमारी गस्तीच्या जहाजाने. चार वर्षांनी तो परत त्याच शर्यतीत उतरला आणि २०२३ मध्ये दुसरा आला. समुद्रात कोणाला कोणाची गरज कधी पडेल सांगता येत नाही, आमच्या शर्यतीच्या नियमांतही पहिलं कलम हेच, संकटात असलेल्याला मदत करायची, त्यात गेलेला वेळ नंतर भरून मागता येतो.

दोन बोटी एकमेकांवर आल्या, जोरात "स्टारबोर्ड" असं ओरडले आणि एक बोट गोल गोल फिरायला लागली. अंपायर दिसला नाही. – कॉलेजची एक विद्यार्थिनी, अलिबाग

अंपायर नसतोच, बहुतेक क्लब शर्यतींत. वारा ज्याच्या उजव्या अंगावरून येतोय तो स्टारबोर्ड टॅकवर, त्याला हक्क. ज्याच्या डाव्या अंगावरून येतोय त्याने वाट द्यायची. दोघांना एकाच बाजूने वारा असेल तर वाऱ्याच्या बाजूला असलेल्याने पलीकडच्या बोटीला वाट द्यायची. ओरडणं म्हणजे आठवण करून देणं. ज्याची चूक झाली त्याने स्वतःहून बाजूला होऊन लगेच दोन गिरक्या घ्यायच्या, ती शिक्षा, नुसता बोयाला धक्का लागला तर एक गिरकी. तू बघितलीस ती हीच.

गिरकी नाही घेतली आणि दुसऱ्याला वाटतंय की घ्यायला हवी होती, तर तो तिथल्या तिथे "प्रोटेस्ट" ओरडतो, मोठी बोट असेल तर लाल झेंडाही लावावा लागतो, सहा मीटरच्या आतल्या बोटीला नुसतं ओरडणं पुरतं. मग किनाऱ्यावर येऊन वेळेत कागद भरायचा, संध्याकाळी तीन माणसं बसतात, टेबलावर छोट्या प्लास्टिकच्या बोटी ठेवून दोघं आपापली गोष्ट सांगतात. दोघांची गोष्ट ऐकून वाटतं हे दोन वेगळ्या समुद्रात होते.

बोट उलटली तर काय करतात? – अनेक जण

बोट सोडायची नाही, हे पहिलं आणि शेवटचं. किनारा कितीही जवळ दिसला तरी पोहत निघायचं नाही. बोटीच्या खालून सेंटरबोर्ड, म्हणजे पाण्यात उतरणारी फळी, बाहेर आलेला असतो, त्याच्यावर वजन टाकलं की मास्ट, म्हणजे शिडाचा खांब, वर येते, आधी शिडाचा दोर मोकळा करायचा नाहीतर वर आली की लगेच परत पलीकडे पडते. आपल्या खाड्यांमध्ये खास भानगड म्हणजे पाणी उथळ आणि बोट पूर्ण पालथी झाली की मास्टचं टोक चिखलात रुततं. मग एकट्याने ओढाओढ करू नका, मास्ट वाकते. बोटीवर चढून बसा, हात वर करून हलवा, रेस्क्यूवाला येऊन नाळेकडून हळू ओढेल.

आमच्या गावात क्लब आणि शर्यत सुरू करायचीय, कुठून सुरुवात करू? नारळी पौर्णिमेला पहिली शर्यत घ्यावी असं पोरांच्या मनात आहे. – एक तरुण, जयगड बाजू

नारळी पौर्णिमेची तुमची होड्यांची शर्यत खाडीच्या आत असेल तर ती ठेवाच, ती आपली आहे आणि कुठल्याही यॉट क्लबच्या आधीची आहे. पण डिंग्या, म्हणजे शिडाच्या छोट्या बोटी, घेऊन त्या दिवशी बाहेर जाऊ नका. ऑगस्ट म्हणजे पाऊस संपलेला नसतो, मासेमारी बंदी ३१ जुलैला उठली तरी समुद्र बंदी बघून शांत होत नाही, आणि वर पौर्णिमा, म्हणजे उधाण. सेलिंगचा सीझन ऑक्टोबर ते मे.

सुरुवात बोटींपासून करू नका, सगळे तिथेच चुकतात. एक चांगली रेस्क्यू बोट, इंजिनाला जाळी लावलेली म्हणजे पंखा पाण्यातल्या माणसाला लागणार नाही, आणि ती चालवणारा गावातला भरवशाचा तांडेल, तो पैसे देऊन ठेवा, फुकटात नको. मग दोन-तीन सेकंडहँड बोटी. कागदपत्रांत मेरीटाईम बोर्ड, पोलीस स्टेशन, सोसायटी, ग्रामपंचायत. कोस्ट गार्डचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे नंबर रॅम्पवरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवून टाका, मोबाइलमध्ये सेव्ह केलाय असं म्हणणाऱ्याचा मोबाइल नेमका भिजलेला असतो. पहिल्या वर्षी शर्यत छोटी ठेवा, खाडीच्या आतच, तीन बोये, पाऊण तासाची. आणि तारीख कशी काढायची ते वर गुरुजींना सांगितलंय.

शर्यत नीट दिसेल अशी जागा कुठली? – बरेच जण

उंचावर जा. पाण्याच्या लेव्हलला उभं राहून कोण पुढे कोण मागे ते मला पण कळत नाही. रत्नागिरीकडे असाल तर रत्नदुर्गावर दीपगृहाच्या बाजूला, हर्णैला कनकदुर्गावर, बाकी ठिकाणी बंदरावरची एखादी टेकडी. दुर्बीण नेणार असाल तर सातपटीची पुरे, त्याच्यावरची हातात थरथरते. एकला सुरुवात म्हणजे साडेबाराला पोचा, टोपी आणि पाणी घ्या, आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा झेंडा वर दिसला तर वाऱ्याची वाट बघत सगळं पुढे ढकललंय असं समजा आणि आधी जेवून घ्या. सुटल्यावर फक्त पहिला बोया बघत राहा, तिथे कोण कुठल्या बाजूने वर येतंय तेवढं कळलं तरी शर्यत कळली. संध्याकाळी क्लबच्या फळ्यावर जो निकाल लावतो तो कच्चा असतो, प्रोटेस्टची सुनावणी संपेपर्यंत कोणाला हार घालू नका.